वासाचा वाटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज कोफ्ते केले. खिमा ताजा मिळाला. शिळा पाव भिजवून घातला, कांदा किसून, जिरं सढळ हातानं. तवा तापला नि मी उठून खिडकी लावली — घट्ट! वास खाली साबितभाऊंकडे जाऊ नये म्हणून. शेजारी वास पोचला की मागोमाग ताटली पोचलीच पाहिजे, हे आमच्या बुर्सा शहरात शेंबडं पोरही जाणतं. पण तो माणूस उन्हाळ्यात साऱ्या बिऱ्हाडांसमोर म्हणाला कसा — "बेहिजेताई, तुमची सतरंजी झटकता झटकता रोज थोडी थोडी आमच्या गॅलरीत येते. एकदाच काय ती अख्खी खाली टाका की!" सगळे खो खो हसले. तेव्हापासून बोलत नाही मी. नाही म्हणजे नाही!

एकटीनंच खाल्ले. झाले होते मात्र छान.

१६ ऑक्टोबर

जिन्यात त्यांची लेक आयतेन भेटली. "मावशी, परवा कोफ्ते केले होतेत ना? बाबांचा फोन आला — आज डबा आणू नकोस गं, वर बेहिजेताईंचा तवा चढलाय. पाव कापून बसले होते, ऐका!" हसली, आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं. "नंतर दह्याशी खाल्ला म्हणे."

खिडकी लावली तरी वास काय कुणाला विचारून जातो?

मी ठोकून दिलं, "गॅस संपला गं मधेच!" या वयात थाप! बायको गेल्यापासून त्या घरातली शेगडी चहापुरतीच पेटते, हे मला ठाऊक नव्हतं होय?

१७ ऑक्टोबर

जेवायला बसले नि तशीच उठले. सारखा तो कापलेला पाव डोळ्यांपुढे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा केले. खिमा असा रगडला, जणू माझंच थोबाड! दोनदा अर्ध्या जिन्यातून परत फिरले. शेवटी बेल दाबली. दार उघडलं — किती वाळलेत! घोकलेलं सगळं विसरले. ताटली पुढे केली नि म्हटलं, "गरम आहेत."

"हातांना आरोग्य लाभो, ताई." रांधणारीला म्हणायची रीत असते, एवढंच. चेष्टा नाही, टोमणा नाही. दार हळूच लावलं.

माफी मागायची राहिली. पण जिना चढताना पाय पिसासारखे हलके! मिटलं बाई एकदाचं. दुपारी डोळा लागला, कितीतरी दिवसांनी.

१९ ऑक्टोबर

सकाळी दाराशी ताटली. घासूनपुसून लख्ख. रिकामी.

शेजारणीची ताटली रिकामी परतवत नाहीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी ठेवतात.

चहा तर रोज होतो. साखर त्यांच्याकडे आहे.