न मिळालेली पत्रं

३ मार्च
फायली गावातल्या समुद्रकाठच्या बंगलीचं कर्ज बँकेने अडवलं. माझ्या नावावर कोर्टाचा निकाल आहे म्हणे! मी, डेस्मंड हॉलरॉयड. हॅलिफॅक्समध्ये सव्वीस वर्षं पोस्टमन. प्रकरण काय, तर पार्किंगचा दंड. गेल्या साली औषधांच्या दुकानामागे गाडी लावून बेकन सँडविच खाल्लं, ते जरा लांबलं. गाडीच्या नोंदणीवर अजून जुन्या घराचा पत्ता. कोर्टाचे कागद तिकडे, निकाल माझ्या गैरहजेरीत. बायकोला, ऑड्रीला, सांगितलं, आठवड्याभरात रद्द करून आणतो. ती गुडघा चोळत बसली.

४ मार्च
पबमध्ये माझा दोस्त नॉर्मन भेटला. खाजगी पार्किंगवाल्यांची पत्रं उघडायचीच नाहीत, उघडली की अडकलास, हा त्याचाच सल्ला. आज म्हणतो, गड्या, मी फेकून दे म्हणालो होतो, जपून ठेव कोण म्हणालं? मी टपाल फेकत नाही. तत्त्व आहे. जुन्या घरी आलेली माझी पत्रं मी स्वतः नव्या घरी आणून शेडमध्ये ठेवली. तारखेप्रमाणे, रबर लावून. उघडली नाहीत, म्हणजे कायद्याने मिळालीच नाहीत.

९ मार्च
सल्लाकेंद्रात मिस पिकरिंग नावाच्या बाई. आता पैसे भरले तरी डाग सहा वर्षं राहणार, निकालच रद्द व्हायला हवा. विचारलं, कागद खरंच हातात पडले नव्हते ना? खोटं लिहिलंत तर फार महागात पडेल, मिस्टर हॉलरॉयड. काही लोकांना उगाच घाबरवायची सवय असते. अर्जात 'मिळाले नाहीत' लिहून सही ठोकली. सही वाकडी आली. पेन खराब होतं.

१७ मार्च
समोर काळी व्हॅन. आतला माणूस सारखा आमच्या घराकडे बघत होता. वसुलीवाला असेल. भीती वगैरे नाही, पडदे ओढून घेतले इतकंच. त्या अंधारात ऑड्री जिन्यात पडली, पुन्हा. म्हणाली, डेस, मला बिनजिन्याचं घर हवंय रे, बाकी काही नको. बंगलीची मालकीण एप्रिलअखेरपर्यंत थांबणार आहे. म्हटलं, निश्चिंत राहा.

२ एप्रिल
नॉर्मन म्हणाला, पत्रं जाळून टाक, पुरावाच नको. शेडमागे गेलो, काडी पेटवली. जमेना. पोस्टमनच्या हातून टपाल कसं जळणार? वर पाहिलं तर ऑड्री खिडकीत उभी. काय करतोस, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ एप्रिल, सकाळ
ब्रॅडफर्डला सुनावणी. लग्नातला सूट अजून बसतो (बटण न लावता). ऑड्रीही येतेय. परतताना मासे नि चिप्स, मग बंगलीवालीला फोन.

२३ एप्रिल, संध्याकाळ
सगळं नीट चाललं होतं. जज्जबाई चक्क माझ्या बाजूने. म्हणाल्या, घर बदलताना पत्रं गहाळ झालेली दिसतात. फक्त मान डोलवायची होती. पण पुढे म्हणाल्या, त्या भागातला पोस्टमन निष्काळजी दिसतो.

मी उभा राहिलो. म्हटलं, तो भाग माझा आहे, बाई. सव्वीस वर्षांत माझ्या फेरीतलं एक पत्र हरवलेलं नाही. तुमच्या कोर्टाचा लिफाफासुद्धा वेळेवर पोचलाय, मी स्वतः पोचवलाय.

बाईंनी चष्मा चढवला. मग माझ्या सहीचा कागद त्यांनी पुन्हा, अगदी सावकाश वाचला. अर्ज नामंजूर. खोटं लिहून सही केल्याचं काय करायचं ते वेगळं कळवू, म्हणाल्या. सोबत आलेल्या मिस पिकरिंग माझ्याकडे न बघता निघून गेल्या. चिप्स घेतल्या नाहीत.

३० एप्रिल
बंगली लीड्सच्या एका जोडप्याला गेली. नॉर्मन फोन उचलत नाही. उंटावरचा शहाणा!

चहा घेताना ऑड्रीने विचारलं, पहिलंच पत्र उघडलं असतंस तर? म्हटलं, साठ पौंडांत मिटलं असतं. साठ? तिने एकदाच विचारलं. मग उठली नि जिना चढू लागली. बसून, मागच्या मागे एकेक पायरी वर सरकत, सगळा वेळ माझ्याकडे तोंड. मी हात पुढे केला. तिने धरला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर पोचल्यावर तिने दार लावून घेतलं, मी अजून खालीच बसलोय.