सुकडीची आई कोण

१२ नोव्हेंबर
जनावरांच्या डॉ. मॅडम अंबरनाथहून आल्या. प्रत्येक डुकरिणीचे केस मुळासकट उपटून पाकिटात भरले, वर नाव. जनुक तपासणी! कुठली मादी जास्त पिल्लं देईल, त्याचा अंदाज. आता ती आपल्यालाही परवडते. तरण्या माद्यांच्या जनुकांतल्या थोड्याच जागा वाचतात, बाकीचं आईबापांवरून ताडतात, म्हणून स्वस्त. केस उपटताना राणीने मला सरळ घाणीत लोळवलं. आबा, माझे सासरे, हसले, "आता केसावरनं डुकरां वलखनार!" राग आला. गिळला.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट यायच्या आधीच आबांनी तरण्या माद्यांतून निवड करूनही टाकली! लांब पाठीची टपोरी पैदाशीला ठेवायची. सुकडी मरतुकडी, शिवाय चिडकीची लेक, म्हणून नाताळच्या मालात. कॅम्प पाचच्या खाटीक हरीशशेठना शब्द देऊन मोकळे.
जीव टांगणीला लागलाय. सगळं शेड राणीच्या वेतांवर चाललंय आणि ती थकलीय. तिच्या तोडीची मादी मिळाली नाही, तर जांभूळ गावचं हे शेड बंद करून माझा नवरा दिनेश पुन्हा कंपनीत कामाला जाणार. मला नकोय ते.

९ डिसेंबर
रिपोर्ट. सुकडी चिडकीची नाहीच. राणीची! टपोरीची सख्खी बहीण.
मग दिनेशला आठवलं. राणीला पिल्लं जास्त झाली, आचळं पुरेनात, म्हणून उरलेली चिडकीखाली लावली. नेहमी लावतो तशीच. कानाला खुणा मात्र त्यानंतर केल्या, चिडकीच्या पिल्लांबरोबर, म्हणून सुकडी तिची ठरली.
टपोरीची वाढ चांगली. पण पिल्लांच्या बाबतीत सुकडीचा अंदाज कितीतरी वरचा. मॅडम फोनवर म्हणाल्या, "अंदाज आहे हं, खात्री नाही."
आबांना कोण सांगणार? मीच.

१० डिसेंबर
सांगितलं. आबा जेवता जेवता थांबले. "मंग ती भुकेनं सुकली. चिडकीला दूध व्हतंच कुठं?" ताट तसंच ठेवून शेडकडे गेले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर
हरीशशेठची गाडी. दिलेला शब्द पाळायचा, म्हणून आबांनी सुकडीऐवजी स्वतः टपोरीला चढवलं. शेठ खूश, "ये तो पतली वाली से बढ़िया है, काका!" गाडी गेल्यावर आबा फाटक लावायचंही विसरले. टपोरीला त्यांनी हाताने वाढवलं होतं.

१० जानेवारी
सुकडी माजावर आली. नर लावला. खाते राक्षसासारखी.

फेब्रुवारी, तारीख विसरले
पुन्हा माजावर नाही. गाभण!! मॅडमना फोन केला, त्याही ओरडल्या. दिनेश म्हणतो, इतकं नाचू नकोस. नाचणार.

३ मे
दिनेशला उद्या सकाळी दहाला बदलापूरच्या कंपनीत मुलाखतीला बोलावलंय. नाही म्हणायला तोंड नाही माझं. इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला. सुकडी पेंढा तोंडात धरून कोपऱ्यात नेतेय, म्हणजे विण्याची वेळ जवळ आली.

४ मे
सकाळ. सुरू झालं. पाणी तापेपर्यंत ह्या दोन ओळी.
पिल्लं येतायत, एकामागून एक, ठणठणीत. अजून किती, कोण जाणे. आबा मोजू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. "तुझ्या मॅडमला इचार, किती सांगितलीत?" अंदाज आहे आबा, म्हटलं. "असूंदे. बराय अंदाज."
दहा वाजून गेले. दिनेश इस्त्रीच्या शर्टातच गुडघ्यावर बसून पिल्लं पुसतोय.