खालचा आवाज तुझा, वरचा विनयचा

प्रिय मिलिंद,

काल टिन हार्बर ऐकून आले. हो, तुझाच तो टिन हार्बर बँड! जिला तू लग्नापासून "हिच्या कानाला काही कळत नाही" म्हणायचास, ती मी, कानात कापूस न घालता अख्खा कार्यक्रम उभ्याने ऐकून आले. सकाळपासून तुला सांगावंसं वाटतंय. आपली सांची शाळेत गेली, मी ऑफिसला सुट्टी टाकली, आणि विनय आता न्यू जर्सीच्या विमानात बसला असेल. घरात बोलायला कुणी नाही म्हणून कागद घेतला.

विनयचं नाव वाचून दचकलास ना? दचक. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने.

आधी सांग, हॉस्टेलच्या त्या खोलीत तुम्ही दोघं नक्की काय करायचात? लग्नानंतर पहिलं वर्षभर मला तुझ्या आईची जितकी माहिती झाली नाही तितकी त्या बँडची झाली. इंग्लंडातलं कुठलं तरी गार, मासळीच्या वासाचं बंदर. एकाच गल्लीतली, एकाच शाळेतली दोन पोरं, एक गाणारा आणि एक गिटारवाला. मावशीच्या गॅरेजमध्ये बसवलेली पहिली गाणी. त्यांची कॅसेट कुणा सिनियरच्या दुबईवाल्या काकांकडून नागपूरला आली आणि तुम्ही ती इतकी वाजवलीत की टेप निघून यायची आणि विनय ती पेन्सिलीने गुंडाळायचा. ते तिकडे मोठे होत गेले, स्टेडियमं भरायला लागले, अन तुम्हाला वाटायचं, आपणच मोठे होतोय!

सिएटलजवळ रेडमंडला आपण आलो तेव्हा विनय आधीच इथे होता. एकच कंपनी, एकच पार्किंग, दोघांच्या अपार्टमेंटमध्ये एक जिना. माझ्या हातचं वरण तो तुझ्यापेक्षा जास्त खायचा. टिन हार्बर सिएटलला आला तेव्हा सांची माझ्या कडेवर होती आणि तुम्ही दोघं नवऱ्या मुलासारखे नटून गेलात. परत आलात ते आवाज बसवून. दोन दिवस फोनवर आईला नुसतं हूं हूं करत होतास.

आणि जयंतीचा तो कार्यक्रम! लायब्ररीच्या हॉलमध्ये बाबासाहेबांना वंदन झालं, भाषणं झाली, भीमगीतं झाली, मग तुम्ही दोघं गिटार घेऊन इंग्रजी गाणं म्हणायला उभे राहिलात. गजभिये काकूंनी मला विचारलं होतं, "पोरी, हे काय म्हणून राहिले गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत काकू, पण मनापासून म्हणून राहिले." त्यानंतर दरवर्षीच्या जयंतीला ते तुमचं ठरलेलंच झालं. तुझा आवाज खालचा, विनयचा वरचा. दोघांनी मिळूनच म्हणायचं, एकट्याने नाही, असा तुमचा नियम होता.

ते सगळं मोडलं काकूंच्याच एका वाक्याने. त्या वर्षी तू ताटं वाढत होतास. काकू सहज म्हणाल्या, "विनयला आमच्या भाच्याने न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला खोली पाहून दिली. चांगली आहे म्हणतो. तुम्हाला करमणार नाही आता." तुझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी पाहत होते ना! तुला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

विनयने दुसरी नोकरी घेतली होती. व्हिसा ट्रान्सफरला टाकला होता आणि अप्रूव्हल यायचं होतं. अप्रूव्हल येईपर्यंत आपले लोक कुणाला ताकास तूर लागू देतात का? त्या वर्षी तर कंपन्या इतके लोक काढत होत्या की कामावर सकाळी बॅज चालेल की नाही याचीच धास्ती होती. वकील म्हणतो बोलू नका, आई म्हणते नजर लागेल, बोलू नको. सगळे तोंड शिवून बसतात. विनयही बसला. खोली शोधायची म्हणून काकूंच्या भाच्याला तेवढं सांगावं लागलं.

तुमची पाळी आली. तो स्टेजवर गेला, गिटार लावली, तुझ्याकडे पाहिलं. आणि तू खिरीच्या पातेल्याजवळून हललाच नाहीस. किती वेळ उभा होता बिचारा! शेवटी "सॉरी, आज गळा ठीक नाही" म्हणून खाली आला. पार्किंगमध्ये तो तुझ्यामागे धावला. "मिल्या, ऐक ना बे! आज-उद्या सांगणारच होतो." तू म्हणालास, "भाच्याला सांगितलं, मला नाही." आणि गाडीचं दार लावलंस.

त्याच उन्हाळ्यात तिकडे तुमचा बँड फुटला. गाणाऱ्याने एकट्याची रेकॉर्ड करायचं ठरवलं, गिटारवाल्याला सांगितलंच नाही, आणि त्याला ते एका पत्रकाराकडून कळलं. झालं! तू गिटारवाल्याच्या बाजूने पेटून उठलास. जेवताना, गाडीत, झोपताना, त्या गाणाऱ्याचा उद्धार. मी मनात म्हणायची, अरे, तू नक्की कुणाला शिव्या देतोयस?

राग येतो मिलिंद. अजून येतो. पुढे तू स्वतः नोकरी बदललीस तेव्हा मला काय म्हणालास, आठवतं? "सुजाता, कुणाला बोलू नको हं, अप्रूव्हल यायचंय." मी तिथल्या तिथे विचारलं, "मग विनयभाऊंचं काय चुकलं होतं?" तू उठून भांडी घासायला गेलास. मग तिथून म्हणालास, "करतो त्याला फोन. जरा सेटल होऊ दे." सेटल झालास, केला नाहीस. ग्रीन कार्ड आलं की करतो म्हणालास. आलं, तरी नाही. त्यालाही काय झालं होतं रे? दोघांकडे दोघांचे नंबर होते, आणि दोघंही वाट बघत बसलात. कसली अकड ही!

आणि मग जानेवारीतला तो शनिवार. बॅडमिंटनला गेलास. "तासाभरात येतो, पोहे कर" म्हणालास. कोर्टवरच कोसळलास. पोहे भिजवलेले तसेच होते.

विनय पहिल्या विमानाने आला. तुझ्या अंत्यविधीला बुद्धवंदना चालू होती तेव्हा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. माझ्यापाशी येऊन फक्त "वहिनी" म्हणाला. मी तोंड फिरवलं. काय करू? तू जिवंत असताना ज्याला इतकी वर्षं जिना ओलांडून यायला जमत होतं, त्याला एक फोन जमला नाही आणि आता विमान जमलं? मला त्याला माफ करायचं नव्हतं. तुलाही करायचं नव्हतं, पण तू तर निघूनच गेला होतास.

तेव्हापासून तो सणावाराला फोन करायचा. मी "हो, ठीक" म्हणून ठेवून द्यायची. गेल्या महिन्यात आला तेव्हा आवाजच वेगळा होता. "वहिनी, ते परत एकत्र येऊन राहिले. दोघंही. सिएटलला आहे कार्यक्रम. मी तीन तिकिटं काढली."

मी फाडकन बोलले. "ते दोघं म्हातारे गळ्यात पडतील ते पाहायला मी येऊ? तुम्हाला दोघांना नाही जमलं ते?"

तो म्हणाला, "नाही जमलं वहिनी." बस, एवढंच. मी फोन ठेवला.

सांची टेबलाशी होमवर्क करत होती. "हू वॉज दॅट?" मी म्हटलं, "विनय काका." "द वन इन बाबाज हॉस्टेल फोटो? डिड ही नो बाबा?" मी म्हटलं, "माझ्या आधीपासून." पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "देन व्हाय डोन्ट वी टॉक टू हिम?"

तुझी लेक आठ वर्षांची झालीय, आणि तुझ्याबद्दल विचारायला तिला माझ्याशिवाय माणूस नाही. मला हॉस्टेलमधला तू ठाऊक नाहीस. जो तू पेन्सिलीने गुंडाळलेल्या टेपवर नाचायचास, तो फक्त विनयला ठाऊक. मी विनयला परत फोन लावला.

कार्यक्रमाचं तुला ऐकायचं असेल. दोघांचे केस पिकलेत. गाणारा एका बाजूने आला, गिटारवाला दुसरीकडून. मिठी नाही, काही नाही. गाणाऱ्याने आपल्या हाताने त्याच्याकरता माइक खाली केला, कारण तो बुटका आहे ना, आणि लोक वेड्यासारखे ओरडले. विनय लहान पोरासारखा रडला. पण हे पत्र त्यासाठी नाही. कार्यक्रमाला जाताना गाडीत जे झालं त्यासाठी आहे.

गाडी विनयच चालवत होता. पुलावर ट्रॅफिक, पाऊस, वायपरचा आवाज. तेवढ्यात मागे सांची गुणगुणायला लागली. भांडी घासताना तू म्हणायचास ना, तेच. किती चिडवायची मी तुला! "काय रडगाणं लावलंय, एकाच सुरावर, आणि मध्येच शब्द विसरतोस." तू नुसता हसायचास.

सांचीने दोन ओळी म्हटल्या आणि तुझ्यासारखीच थांबली.

त्या थांबलेल्या जागेत विनय गायला. पुढे बघत, स्टीअरिंग धरून, बारीक आवाजात. वरची ओळ. आणि मिलिंद, ते रडगाणं नव्हतंच रे! इतकी गोड चाल होती ती! मी वर्षानुवर्षं त्याचं अर्धंच ऐकत होते.

सांची म्हणाली, "काका, यू कान्ट सिंग देअर. यू हॅव टू वेट. बाबा ऑल्वेज वेट्स देअर."

विनयला पुढे गाता येईना. मागचे हॉर्न वाजवत होते, गाडी हलेना. मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "विनयभाऊ, चला."

त्याच्याशी अबोला धरलास आणि रोज सिंकपाशी उभा राहून त्याची जागा मोकळी सोडत होतास! पूर्ण गाणं तुला पाठ होतं. वरची ओळ एकदाही म्हटली नाहीस. मला का नाही सांगितलंस? मी लावला असता फोन. तुझ्या कानाला धरून तुला त्याच्यासमोर बसवलं असतं.

आता ऐक. विनय एप्रिलला येतोय. जयंतीला तो आणि सांची मिळून गाणार आहेत, गजभिये काकूंना मी सांगूनही टाकलं. तोवर दर रविवारी दोघं फोनवर बसवतील. एखाद्या रविवारी त्याचा फोन आला नाही तर मी लावीन. तिने रुसून ठेवला तर परत लावायला लावीन. तुझ्या लेकीला तुझा खालचा सूर राहू दे, पण त्या जागेवर तिला कुणाची वाट बघावी लागणार नाही, एवढं मी पाहीन.

तुझी,
सुजाता