बिनदाराचं तळघर

११ नोव्हेंबर
जुन्या कॉम्प्युटरांच्या संग्रहालयातला माणूस येऊन गेला. माझ्या भयकादंबरीवरून धाकट्या बहिणीने चाळीस वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ रचला होता. तो खेळ साठवलेली कॅसेट तिने त्यांना दिली म्हणे. मला न विचारता! प्रदर्शनात मांडायला मूळ लेखिकेची लेखी संमती हवी. नाहीच म्हणणार आहे. पण पेपर न तपासता नापास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शनिवारपर्यंत मुदत घेतली. त्याने खेळ माझ्या लॅपटॉपवर चालू करून दिला.

१२ नोव्हेंबर
माझं भूत दोनशे पानं दबा धरून बसतं. इथे पहिल्याच मिनिटाला दत्त म्हणून उभं! भूत कसलं — दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, त्याला दोन भोकं. किंकाळी म्हणजे बिघडलेली दारावरची घंटा.

१३ नोव्हेंबर
भूत बोलतं. जिना उतरले तर म्हणे, "पाय पुसून ये." दिवा लावला — "वीज फुकट येते का?" कपाट उघडलं — "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."
कादंबरीत यातलं एकही वाक्य नाही. तरी ओळखीची वाटली. हातातला चहा गार झाला तेव्हा उजेड पडला.
भूत मी आहे!
संग्रहालयवाल्याला फोन करून झापलं. म्हणतो, सगळ्यांना भूतच आवडतं, मॅडम, प्रत्येकाच्या घरी एक असतंच. आगाऊ.

१४ नोव्हेंबर
शेवटची खोली, तळघर. दोन तास भिंती चाचपल्या. दार उघड, भिंत फोड, हाक मार — काहीही टाइप केलं तरी एकच उत्तर: "जमत नाही." बाहेर पडायला वाटच नाही. कादंबरीत तळघरात अडकलेली मुलगी सुटते. मी स्वतः सोडवली आहे तिला. इथे दारच केलेलं नाही. कंटाळली असणार धाकटी. स्वेटर अर्धा, पदवी अर्धी, तसंच हेही. हरकतीचं पत्र लिहून टाकलं: खेळ अपूर्ण, प्रदर्शनास अयोग्य.

१५ नोव्हेंबर
नकार तोंडावर द्यावा म्हणून धाकटीला फोन केला. सहा वर्षांनी. नकार सांगितला. ती म्हणाली, "एवढं एकच तर केलं मी आयुष्यात, ताई."
मग पुरं का नाही केलंस, असं विचारलं.
"दार दुसऱ्या दिवशी करणार होते. कॉलेजातून आले तर टेबलावर कॉम्प्युटर नव्हता."
नव्हता. मीच विकला होता. आई-बाबांच्या मागे घर माझ्या हातात होतं, आणि तिची परीक्षा महिन्यावर आली होती. नापास होऊ नये म्हणून विकला.
तरी नापासच झाली.

१६ नोव्हेंबर
संमती दिली. खेळाशेजारी लावायच्या पाटीचा मजकूरही सोबत पाठवला: "अपूर्ण. कारण — मूळ कादंबरीची लेखिका."