दुसरं चक्र

३ मार्च, सकाळी ८
आजपासून प्रबंधाचं चौथं प्रकरण. कारखान्यात नफा आटला की भांडवल विटांमध्ये शिरतं आणि माणसं घराबाहेर पडतात. हे भांडवलाचं दुसरं चक्र. अख्ख्या अथेन्समध्ये माझ्याइतकं ते कुणालाच कळलेलं नाही. रोज पाच पानं.

६ मार्च
पानं शून्य. लिहायला निवांतपणा लागतो, निवांतपणाला पैसा. आजोबांनी बिल्डरला जागा दिली, बदल्यात दोन फ्लॅट आले. वरच्यात मी. खालच्यात पोलिक्सेनी मावशी, एकतीस वर्षांपासूनच्या भाडेकरू. तो पर्यटकांना दिला तर? म्हणजे मी नव्हे, भांडवल देतंय. मी निमित्तमात्र.

९ मार्च
मावशींना सांगायला गेलो. त्यांनी भात भरलेली द्राक्षाची पानं पुढ्यात ठेवली. खा रे, हाडं दिसायला लागलीत, म्हणाल्या. भरल्या तोंडाने असलं काही बोलणं बरं दिसत नाही. उद्या नक्की.

२८ मार्च
तोंडापेक्षा कागद बरा. कंपनी काढली, फ्लॅट तिच्या नावावर केला, वकिलाकडून नोटीस धाडली. मावशींना एवढंच म्हणालो की फ्लॅट विकावा लागला. कंपनीचं नाव ठेवलं 'दुसरं चक्र'. वकील हसला नाही. वाचन कमी.

२ एप्रिल
मावशी नोटीस घेऊन माझ्याचकडे! तू एवढा शिकलेला, बघ तरी कोण मेला मला बाहेर काढतोय, म्हणाल्या. मी म्हणालो, व्यवस्था. मग शनिवारच्या सभेत झाप की तिला, म्हणाल्या. फार लाज वाटली. तिथेच कबूल करायला हवं होतं. पण भाडेकरूंच्या त्या सभेत वक्ता मीच, तयारी बुडाली असती.

५ एप्रिल
चौकात भाषण झकास. 'दुसरं चक्र' चौदा वेळा म्हणालो, लोकही माझ्यामागून म्हणाले. मग मावशी उठल्या. मिल्तोस, ही नोटीस वाच रे सगळ्यांना, म्हणाल्या. वाचली. मालकाच्या नावापाशी ठसका लागला. बेकरीवाल्या स्तामातिसने कागद ओढून घेतला आणि नाव खणखणीत वाचलं. कुणीच ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

८ एप्रिल
मावशी लारिसा शहराला निघाल्या, भाचीकडे. नोटीस मागे घेतो म्हणालो. नको म्हणाल्या. ते चक्रबिक्र दहा वर्षं माझ्याच टेबलावर जेवताना ऐकवलंस, नाव बघताच कळलं मला. तू सांगशील म्हणून वर आले होते. बॅगेला हात लावू देईनात, म्हणून बिल्डिंगचं दार धरून उभा राहिलो.

दार धरलंत, आभारी आहे, म्हणाल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला अहोजाहो केलं.