ताईनं बाद केलेली बिस्किटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुरती फजिती! चॉकलेटची बिस्किटं करायला गेले आणि ट्रेभर काळी सतरंजी झाली.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा शेण खायला नको. मी पडले टेलर. तीस वर्षं कापड कापताना चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडत आलेय – शिलाईत जातं, धुण्यात आटतं. हात त्यालाच सरावलेला. बटणांच्या डबीच्या झाकणानं सरळ गोल पाडायचे, तर मी प्रत्येक गोल झाकणापेक्षा बोटभर मोठा कापला. भट्टीत आटेल म्हणून! वर ट्रेवर खेटून लावले. आटतंय कुठलं? ही तर पसरतात! सगळी एकमेकांच्या गळ्यात पडली.

तरी एक कोपरा तोडून पाहिला. मऊ. आवाजच नाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, खिडकीजवळच्या खुर्चीतून –

"बाद."

ताई बोलली! अकरा आठवडे "हं" आणि "नको" यांपलीकडे शब्द नव्हता तिच्या तोंडात. मी गरम ट्रे फडक्यात धरून तशीच उभी. रडूच आलं. माझ्या हातच्या पदार्थाला कुणी नावं ठेवली की मी एरवी तीन दिवस फुगून बसते. आज वाटलं, आणखी ठेव गं बाई, पोटभर ठेव!

५ फेब्रुवारी, बुधवार

काल आनंदात अर्धंच लिहिलं.

ताई चौतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात होती, क्रीमच्या चॉकलेट बिस्किटांच्या पट्ट्यावर. तपासनीस. पुढ्यातून बिस्किटं सरकत जायची, त्यातलं मधूनच एक उचलायचं, कानाशी धरून मोडायचं आणि सांगायचं – पास की बाद. ती बाद म्हणाली की पट्टा थांबायचा. मोठे मोठे साहेब तिच्या कानाकडे बघत उभे राहायचे म्हणे! मग अकरा आठवड्यांपूर्वी कारखान्याला कुलूप लागलं. आता ती पाचला उठते, आंघोळ करते, वेणी घालते, आणि खुर्चीत बसते. दिवसभर. समोर ठेवलं तर जेवते.

डॉक्टर म्हणाले, "दुखणं काही सापडत नाही मला. घरात असं काही करा की त्यांना राहवणार नाही."

ताईला राहवणार नाही असं जगात एकच आहे – बिघडलेलं बिस्किट. आणि ते करण्यात माझा हात कोण धरणार?

ओव्हन वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा. हौसेनं घेतला आणि वर्षभर त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले. "न्या टेलरबाई. जमली बिस्किटं की ओव्हन परत आणून द्या."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा घाणा. बिस्किटांना भोकं पाडायची असतात म्हणून सुईनं नीट ओळीत पाडली, अगदी काजाला टाके घालावेत तशी. भोकं भट्टीत बुजली, बिस्किटं टम्म फुगली. एक ताईच्या हातात दिलं. मोडलं. फस्!

"बाद. टोचे आरपार हवेत. काट्यानं मार."

तीन वाक्यं! तीन!

८ फेब्रुवारी, शनिवार

मळलेल्या पिठाच्या पोळीवर काट्यानं टोचे मारायचा सराव केला. ताई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, बघितलं, मान हलवली – नाही अशी – आणि गेली. पण आली!

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा घाणा. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं, पातळ लाटलं, गोल झाकणाएवढेच कापले, मधे अंतर सोडलं. टोचे काट्यानं. गार झाल्यावरच क्रीम लावलं – लोणी, पिठीसाखर, थोडा व्हॅनिला – आणि दुसरं बिस्किट वर हलक्या हातानं दाबलं. नर्सबाई ड्यूटीला निघताना डोकावल्या, उभ्या उभ्या चार खाल्ली, दोन पर्समध्ये टाकली. "अहो, विकतची झक मारतात!"

मी ताट घेऊन ताईसमोर. शाळेत वही तपासायला द्यावी तशी उभी. तिनं एक मोडलं, कानाशी. कट्! मलासुद्धा ऐकू आलं. दुसरं घेतलं, दोन बाजू फिरवून सोडवल्या. क्रीम सगळं एकाच बाजूला राहिलं, दुसरी कोरी. तसंच राहायला हवं असतं म्हणे. ताई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे.

"बाद."

"आता काय झालं गं?"

"कडेला रंग कमी."

कडेला! मला तर कड आणि मध्य सारखाच काळा दिसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा केली. कड काळी केली. "बाद. कड जास्त झाली."

१६ फेब्रुवारी, रविवार

सहावा घाणा, आणि आज ताई स्वयंपाकघरात! सकाळी मी मैदा चाळायला घेतला तशी मागे येऊन उभी. "केस उघडे ठेवून?" मी म्हटलं, घरात कोण बघतंय? "बिस्किट बघतं." तेव्हा आधी टोप्या. उरलेल्या पडद्याच्या कापडातून दोन टोप्या शिवल्या मी – हिरव्या, वर बदकं. चौतीस वर्षांची तपासनीस, कपाळावर बदकांची रांग! मला हसू आवरेना. ताईनं आरशात पाहिलं, टोपी सरळ केली, आणि तिच्याही ओठाचा एक कोपरा हलला. मी पाहिला. खोटं सांगत नाही.

मग मात्र माझं काही खरं नव्हतं. कोको दोनदा चाळ. लोणी एवढं मऊ नको. लाटणं तिरकं धरू नकोस. बोट दाखवून दाखवून मला घामाघूम केलं. शेवटी बाद. पण दुपारी दोन घास जास्त जेवली, आणि जेवताना आपणहून पट्ट्यावरच्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. ती शिंकली की सगळा पट्टा थांबवायला लागायचा. सांगताना ताई स्वतःच हसली!

२० फेब्रुवारी, गुरुवार

नववा. बाद. कारण ऐका – "चेहरा नाही." बिस्किटाला चेहरा! मला तरी आहे का आता? डोळ्यांखाली कोको, नाकावर मैदा.

नर्सबाईंच्या वॉर्डात म्हणे आमच्या बाद बिस्किटांची वाट बघतात. पायाला प्लास्टर घातलेला एक पोलीस विचारतो, "आज बाद झाली का?" बाद झाली की त्याची चैन! सगळ्या जगाला चालतात, फक्त आमच्या घरात पास होत नाहीत.

तरी बरं चाललंय. सकाळी पाचला ताई उठते ती थेट ओट्याशी. लोणी फ्रिजमधून काढून ठेवते. तिच्या पावलांचा आवाज आला की मी पांघरूण ओढून घेते आणि अर्धा तास जास्त झोपते. सुखाची झोप.

२३ फेब्रुवारी, रविवार

भांडले. लिहायलाही लाज वाटते.

बारावा घाणा. मलाच पटलं होतं की याहून चांगलं होणं नाही. कट् असा आवाज. क्रीम एका बाजूला. कड – जाऊ दे ती कड. ताई म्हणाली, "बाद." मी विचारलं, का? तिनं बिस्किट उलटंपालटं केलं, पुन्हा हुंगलं. मग – "वास उशिरा येतो."

त्याच वेळी मशीनवर गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट दिसला. पाठीवर कोकोची पाच बोटं. माझी! एक बाही अजून लावायची, दोन घरचे पडदे तसेच पडलेले. माझं डोकं फिरलं. "बास! मला नाही जमत, कबूल. तुला जन्मात काही पास करायचं नाहीये. उद्या ओव्हन वर नेऊन देते, सुटले!"

ताईनं टोपी काढली, घडी घातली, ओट्यावर ठेवली. जाऊन खुर्चीत बसली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई खुर्चीत. चहा विचारला – "हं." जेवण – "नको."

ओव्हन नेला नाही. शर्टाचे डाग घासले, निघाले. माझ्या जिभेचे निघत नाहीत. वीस दिवसांत जे कमावलं ते एका संध्याकाळी घालवलं मी. पण खोटं तरी किती दिवस सहन करायचं? चांगल्याला वाईट म्हणणं हा तिचा आजारच असेल का? डॉक्टरांना विचारायला हवं. भीती वाटतेय मला. खूप भीती वाटतेय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ताई मशीनपाशी येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता बोलली.

"बारके, तिसराच घाणा पास होता."

मी पाय थांबवला.

"त्यानंतरचेही. सगळे. पण पास म्हटलं असतं तर तू ओव्हन परत केला असतास. मग पाचला उठून मी कुठं जायचं होतं?"

राग आला मला. खरंच आला, चांगला दोन मिनिटं. मग उठले, शर्ट बाजूला ठेवला आणि मैदा चाळायला घेतला.