मशीनची घाई नको

प्रिय बॉबिन,

शिवणाची दोन मशिनं बाजूला काढून ठेवली आहेत. दुकानाच्या मालकीणबाईंना सांगून आलोय की माझा निरोप येईपर्यंत ती कुणाला दाखवायची नाहीत. त्या म्हणाल्या, 'काका, इतकं तर मी राहायचं घर घेतानाही बघितलं नव्हतं.' त्यांचंही चुकलं नाही. मागच्या भेटीत तू पाठकोऱ्या कागदावर यादी करून दिली होतीस, ती खिशात घालून मी दोन आठवड्यांत चार वेळा त्यांच्याकडे गेलो. कागद घड्यांवर फाटायला आलाय. बरोबर तुझा तो नमुनाही न्यायचो, वर सुती कापड, मध्ये कापूस, खाली जुनी चादर. दुकानदार मंडळी नेहमी एकेरी कापडावर टाके घालून दाखवतात. एकेरी कापडावर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं गं. परीक्षा घ्यायची तर तीन थर एकदम द्यावेत आणि मग गंमत बघावी.

पहिलं मशीन मोठं आहे. सुई आणि मशीनचं अंग यांच्यामध्ये चांगली दीड वीत जागा, म्हणजे मोठी गोधडी गुंडाळून आत घातली तरी अडकायची नाही. तुझ्याकडच्या त्या काळ्या मशीनच्या बगलेत गोधडी कोंबताना तुझे खांदे भरून येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते मशीन मीच जोडून दिलं होतं, पण ते सदरे-परकर शिवायचं मशीन. त्याच्याकडून गोधड्या करून घेणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पोतं उचलायला लावणं. या नव्यात कापड सरकवणारे खालचे दात एका खटक्यासरशी आत जातात, मग तू हाताने हवं तसं फिरवून वेलबुट्टी काढ. कापड दाबून धरणारा आणि वरचा थरही खालच्याबरोबर पुढे ओढणारा जाड पाय आहे. थांबलीस की सुई कापडात खालीच थांबते, त्यामुळे कोपऱ्यावर वळताना थर सरकत नाहीत. तू यादीत जिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास, ती गुडघ्याने पाय उचलायची दांडीसुद्धा आहे. आणि टाक्यांचे प्रकार म्हणे दोनशे! तुला लागणार दोन. उरलेले एकशे अठ्ठ्याण्णव शेजारच्यांना दाखवायला.

दुसरं लहान आहे. जागा जेमतेम वीतभर. दात खाली जात नाहीत, वरून पत्र्याची झाकणी बसवावी लागते. दांडी नाही. पण एका हाताने उचलून कपाटात ठेवता येतं, जेवायच्या टेबलावर बसतं आणि उद्या दुसरीकडे न्यायचं झालं तर पिशवीत घालून न्यावं. बेताच्या गोधड्या त्यावर होतील. मोठ्याचं तसं नाही. ते एकदा मांडलं की मांडलं, त्याला स्वतःचं टेबल हवं, डावीकडे गोधडी पसरायला जागा हवी. म्हणून अडलंय. कुठलं घ्यायचं ते तुझ्या जागेवर आहे, आणि तुझ्या जागेचं मला काहीच कळेनासं झालंय. ते सांगतो. पण आधी दुकानात काय झालं ते सांगू दे, नाहीतर पुढचं तुला समजायचं नाही.

तिसऱ्या खेपेला मालकीणबाईंनी मोठं मशीन माझ्यासमोर खोक्यातून नवीनच काढलं. मी नमुना लावला, दोरा ओवला, पायाने सुरू केलं. हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. टाका सरळ पडत होता. मी मान डोलावली आणि म्हटलं, 'लोण्यासारखं चालतंय, हेच बांधा.' शेजारी एक बाई दोऱ्याचे रंग बघत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे. मालकीणबाई पुढे आल्या, माझ्या पायाजवळचं बटण बंद केलं आणि अगदी हळू, म्हणजे त्यांचे ओठ हळू हलले, म्हणाल्या, 'काका, सुई खालच्या शटलला लागतेय. टिक टिक होतंय केव्हाचं. तुम्हाला ऐकू नाही आलं?'

मी हसलो. मला वाटलं, त्या माझी फिरकी घेताहेत. बॉबिन, तुला आठवत असेल, कारखान्यात माझी ख्यातीच ती होती. एका मजल्यावर दोनशे मशिनं एकदम चालायची आणि मी दारात उभा राहून सांगायचो, तिसरी रांग, खिडकीकडचं, सुई लागतेय. तू शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाखाली दोऱ्याच्या बॉबिनसारखी घरंगळत असायचीस, त्यावरूनच तर बॉबिन झालीस, आणि बायकांना सांगायचीस की माझ्या बाबांच्या कानात डोळे आहेत. त्या माणसाला वीतभर अंतरावरून टिक टिक ऐकू आली नाही. मी मशीनच्या अंगावर हात ठेवला आणि पुन्हा चालवलं. बोटांना लगेच कळलं. सुई काढून भिंगाखाली धरली तर टोक बोथट झालेलं. मग मी तिथेच ते उघडलं, शटल केसभर मागे घेतलं, दुरुस्त करून दिलं. हात अजून बरोबर चालतात, त्याची काळजी करू नकोस. मालकीणबाईंनी चहा मागवला. त्या काहीतरी बोलत होत्या आणि मी हो हो म्हणत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतःला हो हो म्हणताना पकडलं.

घरी येऊन एकेक गोष्ट जुळवायला लागलो. दाराची घंटा बिघडली म्हणून मी दोनदा बदलली होती. टपालवाला मला उद्धट वाटायचा, कारण तो वाजवतच नाही म्हणून. पक्षी यंदा कमी झालेत, असं मी बागेतल्या बाकावरच्या मित्रांना सांगत होतो आणि तेही बिचारे मान हलवत होते. तुझी आई होती तोवर तिने माझे कान सांभाळले. कुणी काही विचारलं की ती माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणायची, 'अहो, ते विचारताहेत की...' मला वाटायचं, बाईला सगळं दोनदा बोलायची खोड आहे. तीन वर्षं झाली तिला जाऊन, आणि इतक्या दिवसांनी मला कळतंय की ती काय करत होती. मला एका शब्दाने बोलली नाही.

परवा कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दोन-चार दाबले. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, पुढचं सुरू व्हायचंय, म्हणून मी शहाण्या मुलासारखा बटणावर अंगठा ठेवून बसलो. तेवढ्यात तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, 'झालं आजोबा.' डॉक्टरांनी आलेख दाखवला. सुरुवातीला बरा, आणि पुढे घसरगुंडी. जाडे आवाज येतात, बारीक गेले. तीस-पस्तीस वर्षं मशीनच्या गोंगाटात काढली की होतं असं, म्हणाले. बायकांचे आवाज, मुलांचे आवाज, आणि फोन सगळ्यात वाईट, कारण फोनवर तोंड दिसत नाही. आपण म्हणे निम्मं ओठांवरून वाचत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. कानाचं मशीन मिळेल, पंधरा दिवसांत येईल. म्हटलं, जन्मभर मशिनं दुरुस्त केली, आता एक अंगावरच बसवून घेतो. डॉक्टर हसले. मग त्यांनी सहज विचारलं, 'फोनवर कसं करता?' मी म्हटलं, 'काय करणार, हो हो म्हणतो.' तेही हसले, मीही हसलो. खाली उतरताना जिन्याच्या मधल्या वळणावर मला तुझा शेवटचा फोन आठवला.

तो रविवार होता, सकाळचे अकरा. मी वाटाणे सोलत होतो. तू नेहमीसारखी जेवलात का, पथ्य पाळता का करत थांबली नाहीस, एकदम बोलायलाच लागलीस आणि बराच वेळ बोलत राहिलीस. तुझा आवाज आधीच तुझ्या आईसारखा बारीक. त्या दिवशी तर तू फोन तोंडाशी अगदी जवळ धरला असणार, नुसता वारा लागल्यासारखं येत होतं. मला चार शब्द नीट मिळाले. 'सोमवारपासून.' 'खोली.' 'माझी एकटीची.' आणि दोन-तीनदा 'बाबा'. मी ते चार तुकडे माझ्या हिशेबाने शिवले. मला वाटलं, सोमवारपासून तुला घरात शिवणासाठी वेगळी खोली मिळाली. किती वर्षं मी तुझ्या मागे लागलो होतो की जेवणाच्या टेबलावरून ते सामान हलव, एक खोली स्वतःची कर. मला इतका आनंद झाला की मी तुला मध्येच तोडून मोठ्याने म्हणालो, 'वा, छान झालं! मी तर केव्हापासून सांगतोय. उशीरच केलास. जावईबुवा पण खूश असतील!'

मग काही ऐकू आलं नाही. मी हॅलो हॅलो म्हटलं. फोन कटला असेल म्हणून मी पुन्हा वाटाण्यांकडे वळलो. दुपारी तुला मेसेज केला की खोलीचं माप कळव, त्याप्रमाणे मशीन बघतो. संध्याकाळी तुझं उत्तर आलं, 'मशीनची घाई नको बाबा.' एवढंच. मला वाटलं, रंगकाम चाललं असेल. खरं सांगतो, मला तेच वाटलं. मी उत्साहाने दुकानात जाऊन मोठ्या मशीनचं टेबल मोजून आलो. त्या रविवारपासून तुझा फोन नाही. तीन आठवडे झाले. तू कामात असशील, असं मी स्वतःला रोज सकाळी सांगायचो आणि रोज सकाळी ते पटायचंही.

परवापासून पटत नाहीये. चार शब्द मी उलटसुलट करून बघतोय. एकटीची खोली शिवणाची असते, तशी हॉस्पिटलची असते, भाड्याची असते. जावईबुवा मागच्या भेटीत सबंध जेवणभर फोनमध्ये मान घालून बसले होते आणि तू त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा काही वाढलं नाहीस. ते मी पाहिलं होतं आणि मनातून काढूनही टाकलं होतं. माझा अंदाज पूर्ण चुकीचा असू दे. मला हसशील तर मला आनंदच होईल. पण तो खरा असेल, तर तू तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य मला सांगितलंस आणि तुझा बाप त्यावर 'छान झालं, उशीरच केलास, जावईबुवा खूश असतील' म्हणाला. आणि त्यानंतर खोलीचं माप मागितलं. हे मनात आलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं. तू फोन ठेवून तिथे एकटी किती वेळ बसली असशील, हेच डोळ्यांसमोर येतं.

मेसेजवर 'त्या दिवशी काय म्हणाली होतीस?' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. अशी गोष्ट एका ओळीत विचारता येत नाही. फोन करून उपयोग नाही, पुन्हा तेच होईल. काल डबा बांधून बसथांब्यापर्यंत गेलो होतो, रांगेत उभाही राहिलो, आणि मग लक्षात आलं की तुझ्याकडे म्हणजे कुठे जायचं ते मला माहीत नाही. कंडक्टरला काय सांगणार? परत आलो. हे पत्र म्हणूनच तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं असतं तर ते तुझ्याच हाती पडलं असतं का, याची आज मला खात्री नाही. बॉबिन, मी त्या दिवशी जे बोललो ते माझं उत्तर समजू नकोस. तुझं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते जसं होतं तसं पुन्हा एकदा सांग, या वेळी कागदावर, वाटलं तर चार ओळींत. आणि लिहवत नसेल तर तेही नको, नुसता पत्ता लिही. मी येतो आणि तुझ्या समोर, तुझं तोंड दिसेल असा बसतो.

तुझाच, आणि काहीही झालं असलं तरी तुझ्याच बाजूचा,

बाबा